प्रबंधाची टिपणं पेन-स्कॅनरने काढताना

सप्टेंबर २०२४ मध्ये माझा पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात जमा झाला. विषय होता १८७६ ते १८७८ चा दख्खनमधला दुष्काळ आणि त्या काळात सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांत निघालेली सरकारी दुष्काळी कामं. प्रबंधातली बरीचशी इंग्रजी अवतरणं मी पेन-स्कॅनरने, म्हणजे छापील ओळीवरून फिरवलं की तिच्यातला मजकूर उचलणाऱ्या पेनाने, उतरवली आहेत. हे उपकरण घ्यावं का, ग्रंथालयात वापरू देतात का, मराठी वाचतं का, हे प्रश्न मला पडले तेव्हा मराठीत कुणी लिहिलेलं काही हाती लागलं नव्हतं. आता तेच प्रश्न आमच्या कॉलेजातले सहकारी मला विचारतात. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात जून २०२३ मध्ये झाली. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखत होतं ते मनगटापर्यंत गेलं आणि पेन धरवेना. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून डी क्वेर्व्हेन्स म्हणून निदान केलं. अंगठा हलवणाऱ्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज येते, असा हा विकार. पट्टा बांधायचा, फिजिओथेरपी घ्यायची आणि काही महिने हाताने लिहिणं बंद. फिजिओथेरपीचे एका वेळचे चारशे रुपये जात होते, त्याचं फारसं काही वाटलं नाही. खरी धास्ती वेगळीच होती. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल ठेवावा लागतो, आणि माझ्या कामाची सगळी भिस्त ग्रंथालयात बसून हाताने काढलेल्या टिपणांवर होती. मुंबईतल्या ज्या जुन्या ग्रंथालयात माझी महत्त्वाची पुस्तकं होती तिथे वाचकांना फोटो काढायला मनाई, आणि जुन्या बांधणीच्या पुस्तकांची झेरॉक्सही मिळत नाही. मग लिहायचं कसं? त्या दिवसांत मला रात्री झोप लागत नसे.

पेन-स्कॅनर ही कल्पना एका इंग्रजीच्या प्राध्यापिकेने सुचवली. वाचनदोष असलेल्या मुलांसाठी ओळीवरून फिरवलं की शब्द मोठ्याने वाचून दाखवणारं पेन त्यांनी एका शाळेत पाहिलं होतं. शोधू लागल्यावर कळलं की ही वस्तू काही नवी नाही. स्वीडनमधल्या लुंड शहरातल्या एका कंपनीने १९९० च्या दशकाच्या शेवटी असं पेन बाजारात आणलं होतं. काम कसं चालतं तेही समजून घेतलं. पेनाच्या टोकाशी छोटा दिवा आणि छोटा कॅमेरा असतो. ओळीवरून पेन सरकत असताना कॅमेरा एकमेकांवर थोडी चढणारी भराभर चित्रं घेतो, ती जोडून ओळीची एक सलग पट्टी तयार होते आणि मग त्या पट्टीतली अक्षरं ओळखली जातात. हे समजून घेतल्याचा पुढे फार उपयोग झाला. पेन कुठे अडखळणार आणि का, याचा अंदाज त्यामुळे आधीच येत गेला.

विकत घेण्याआधी मी दोन याद्या केल्या, आणि हे काम प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. पहिल्या यादीत इंटरनेटवर आधीच मिळणारी साधनं होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे (ब्रिटिश काळातल्या जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचे) माझ्या कामाचे खंड, म्हणजे अहमदनगरचा सतरावा आणि सोलापूरचा विसावा (दोन्ही १८८४ चे), पुण्याचा अठरावा आणि साताऱ्याचा एकोणिसावा (दोन्ही १८८५ चे), हे सगळे स्कॅन होऊन मोफत उपलब्ध आहेत. तिथे पेनाची गरजच नाही. दुसऱ्या यादीत ग्रंथालयातच बसून वाचावी लागणारी पुस्तकं होती: काही छापील सरकारी अहवाल, पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळाच्या काळात सरकारकडे पाठवलेल्या वृत्तांतांची छापील रूपं, आणि विसाव्या शतकातले बरेच इंग्रजी अभ्यासग्रंथ. ही दुसरी यादी बहुतेक इंग्रजी निघाली, म्हणूनच पेन घ्यायचा विचार पुढे गेला. तुमच्या ग्रंथालयात फोटोला परवानगी असेल तर पैसे वाचवा. मोबाइलने पानाचा फोटो काढून त्यातला मजकूर उचलणं फुकट होतं, आणि पूर्ण पान हवं असेल तर पेनापेक्षा कितीतरी लवकर होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ग्रंथालयात फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "असलं काही उपकरण आमच्याकडे कुणी आणलेलं नाही. तुम्ही लेखी अर्ज द्या, समितीपुढे ठेवू." अर्जासोबत मार्गदर्शकांचं शिफारसपत्र, कॉलेजचं बोनाफाइड, पीएच.डी. नोंदणीच्या पत्राची प्रत, आधारची प्रत आणि दोन फोटो लागले. संशोधक सभासदत्वाची वर्षाची फी आणि परत मिळणारी अनामत मिळून अडीच हजार रुपये भरले. अर्जात मी पाच गोष्टी स्पष्ट लिहिल्या: हे उपकरण पानाचा फोटो साठवत नाही, ओळीतला मजकूर साठवतं, एका पुस्तकातले निवडक उतारेच घेईन, सलग प्रकरणं घेणार नाही, हा वापर खाजगी संशोधनासाठी आहे आणि कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये संशोधनासाठीच्या न्याय्य वापराला मुभा आहे, ज्या पुस्तकाची पानं ठिसूळ आहेत त्यावर पेन टेकवणार नाही, आणि परवानगीआधी उपकरण दाखवून प्रात्यक्षिक देईन. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रतही जोडली.

मग वाट पाहणं सुरू झालं. समितीची बैठक महिन्यातून एकदा. ऑगस्टच्या बैठकीत विषय घेतला गेला नाही, सप्टेंबरमध्ये गणपती आले. अर्जाची पोच घेताना आवक क्रमांक लिहून घेतला होता, त्यामुळे दर वेळी फोनवर तो सांगितला की कागद लगेच सापडायचा. ऑक्टोबरच्या मध्यावर ग्रंथपालबाईंचा स्वतःहून फोन आला. त्यांची शंका अगदी रास्त होती. फोटोमुळे पुस्तकाला हात लागत नाही, पण हे पेन तर कागदावर घासत जाणार. "मॅडम, दीडशे वर्षांचा कागद आहे, त्यावर चाक फिरलं तर कड तुटेल, शाई उठेल," असं त्या म्हणाल्या. त्या बोलण्यामुळे मी कोणतं पेन घ्यायचं हेच ठरलं. काही पेनांच्या टोकाला फिरणारं चाक असतं, काहींना गुळगुळीत पारदर्शक प्लॅस्टिकचं टोक असतं. दुसऱ्या प्रकारचं पेन आणेन आणि ठिसूळ पुस्तकांना हात लावणार नाही, असं मी लिहून दिलं. महिनाअखेरीस परवानगीचं पत्र आलं. अट अशी की पेन रोज आत नेताना नोंदवहीत लिहायचं, पुस्तक वापरण्याआधी ग्रंथपालांना दाखवायचं, आणि परवानगी फक्त माझ्या नावावर.

खरेदीची चौकशी मधल्या काळात चालूच होती. पुण्यातल्या एका दुकानात भाषांतर करणारं पेन होतं. विक्रेता म्हणाला, "हिंदी आहे ना, मग मराठी चालणारच." मी सोबत मराठी पुस्तकाचं एक पान नेलं होतं. त्यावर फिरवून पाहिलं तर "दुष्काळ"चं "दुष्काल" झालं, "दुसऱ्या" आणि "शेतकऱ्यांना" यांतला ऱ्य प्रत्येक ओळीत वेगवेगळ्या तऱ्हेने मोडला, "ऑक्टोबर" नीट उठलं नाही. लिपी एक असली तरी हिंदीच्या मजकुरावर तयार केलेली ओळखपद्धती मराठी शब्दांना हिंदीकडे ओढते. म्हणून दुकानात जाताना ळ, ऱ्य, ऑ, ॲ आणि दोन-चार जड जोडाक्षरं असलेलं आपलं स्वतःचं पान घेऊन जा. खोक्यावरची भाषांची यादी पाहून निर्णय घेऊ नका.

मी शेवटी मराठीची आशा बाजूला ठेवून इंग्रजीसाठीच पेन घ्यायचं ठरवलं. शोधताना लक्षात आलं की यात दोन जाती आहेत. एका जातीचं पेन मोबाइल किंवा कॉम्प्युटरला जोडलेलं असेल तरच चालतं, कारण अक्षर ओळखण्याचं काम तिकडे होतं. दुसरं पेन स्वतःच्या पोटातच सगळं करतं, मजकूर आतच साठवतं आणि घरी येऊन केबल लावली की पेन ड्राइव्हसारखं उघडतं. आमच्या वाचनकक्षात प्लग वाचकांसाठी नाहीत आणि मोबाइल बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. साहजिकच दुसरी जात घेतली. आणखी एक गोष्ट मला हवी होती, डाव्या हाताने वापरायची सोय. उजव्या हाताला पट्टा होता.

नणंदेचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे, तो दिवाळीला येणारच होता. त्याला तिथून आणायला सांगितलं. रुपयांत साधारण चौदा हजारांना पडलं. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाच्या सामानाला तेव्हा पन्नास हजार रुपयांपर्यंत ड्युटी माफ होती, त्यामुळे वर काही भरावं लागलं नाही. "मामी, बिल वेगळं ठेवलंय, विमानतळावर विचारलं तर असावं म्हणून," असं म्हणत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी त्याने खोकं हातात ठेवलं. या मार्गाचा तोटाही सांगायला हवा. वॉरंटी तिथली आहे, इथे बिघडलं तर दुरुस्तीची सोय नाही. मी ते जाणून घेतलं होतं.

नोव्हेंबरचा उरलेला महिना आणि डिसेंबर सरावात गेले. पेन आलं आणि कामाला लागलं असं होत नाही, हे मनाशी धरून ठेवा. पहिल्या आठवड्यात निम्म्या ओळी तुटक येत होत्या आणि मला रडू यायचं बाकी होतं. हळूहळू हात बसला. पेन फार आडवं धरलं तर कॅमेऱ्याला ओळीचा वरचा भाग दिसत नाही, अगदी उभं धरलं तर खालचा. टोक आधी कागदावर हलकेच टेकवायचं, दिवा लागला की पहिल्या अक्षराच्या थोडं आधीपासून सुरू करायचं आणि शेवटच्या अक्षराच्या थोडं पुढे जाऊन उचलायचं. वेग शांतपणे वाचण्याचा ठेवायचा. घाई केली की चित्रं जुळत नाहीत आणि शब्दच्या शब्द गळतात. रेंगाळलं की हात वरखाली होऊन शेजारच्या ओळीची टोकं मध्ये घुसतात.

ओळ सरळ राहावी म्हणून लोक फूटपट्टी वापरतात. जुन्या पुस्तकावर प्लॅस्टिकची किंवा लोखंडी पट्टी नको. ग्रंथपालबाईंनी सुचवल्याप्रमाणे मी जाड कार्डशीटची दोन बोटं रुंद पट्टी कापून घेतली. ती ओळीखाली ठेवायची आणि पेनाची कड तिला लावून न्यायचं. बांधणीकडच्या बाजूला पान वळतं, तिथे शेवटची दोन-तीन अक्षरं हमखास जातात. पुस्तक पूर्ण उताणं दाबून पाडायचं नसतं, म्हणून अशा ओळी मी अर्ध्यातून दोनदा घेत असे आणि घरी जोडत असे. ओळीच्या शेवटी तोडरेघ देऊन मोडलेला इंग्रजी शब्द आपोआप जोडण्याची सोय पेनाच्या सेटिंगमध्ये होती. ती चालू करून घ्या, फार वेळ वाचतो.

या काळात सुचलेली एक युक्ती मला सगळ्यात जास्त कामी आली. पेनावर टाइप करता येत नाही. मग उतारा कोणत्या पुस्तकातला, हे त्याच फाइलमध्ये कसं नोंदवायचं? मी एका कार्डावर साध्या ठळक इंग्रजी अक्षरांत प्रत्येक पुस्तकाचा छोटा संकेत छापून घेतला, आणि त्याच कार्डावर "अवतरण सुरू" आणि "अवतरण संपलं" अशा अर्थाचे दोन शब्द. ग्रंथालयात उतारा घेण्याआधी कार्डावरचा संकेत स्कॅन करायचा, मग पुस्तकातलाच पान क्रमांक स्कॅन करायचा, मग "सुरू", मग ओळी, शेवटी "संपलं". घरी फाइल उघडली की प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर त्याचा पत्ता तयार.

याचं महत्त्व प्रबंध लिहिणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. हाताने लिहिताना आपण नकळत सारांश करतो, वाक्य आपलं होत जातं. पेनाने उचललेला मजकूर मात्र शब्दशः लेखकाचा असतो. तो चार महिन्यांनी आपल्याच टिपणांत मिसळलेला सापडला तर आपलं वाक्य कोणतं आणि त्याचं कोणतं हे कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधाचं इतरांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर अडचण नसते, आणि नीट संदर्भ दिलेलं अवतरण त्या मोजणीत धरत नाहीत. पण अवतरणचिन्हं राहून गेली तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला कारण सांगता येत नाही. म्हणून ही शिस्त पहिल्या ओळीपासून हवी.

जानेवारी २०२४ मध्ये ग्रंथालयात काम सुरू झालं. प्रात्यक्षिकाला ग्रंथपालबाईंनी बाद करायला काढलेलं एक जुनं पुस्तक दिलं. भिंगातून कागद पाहिला, छापावर काही उमटलं नाही याची खात्री केली आणि मग नोंदवहीत सही केली. मुंबईला सुट्टी जोडून जायचं, भायखळ्याला मावसबहिणीकडे उतरायचं, ग्रंथालय उघडायच्या वेळेला दारात उभं राहायचं, असं चाललं. साताऱ्याहून एसटीचं जाणं-येणं, जेवणखाण धरून एका फेरीला बाराशे-पंधराशे रुपये होत. पेनाची बॅटरी आदल्या रात्री पूर्ण भरली की वाचनकक्षाची वेळ संपेपर्यंत पुरत असे, कारण आपण सलग स्कॅन करत नसतो. वाचतो, निवडतो, मग दोन-चार ओळी घेतो.

विसाव्या शतकातल्या स्वच्छ छपाईवर पेन फार छान चाललं. साध्या परिच्छेदात एखाददुसरी चूक. एकोणिसाव्या शतकातल्या छपाईवर मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावं लागलं. खिळ्यांची अक्षरं कागदात रुतलेली असतात, कुठे शाई जास्त, कुठे अक्षराची एक बाजूच उठलेली नसते. शेजारी शेजारी आलेलं आर आणि एन मिळून एम होतं. रुपयाच्या संक्षेपातल्या आरचा बी होतो. आणि माझ्या विषयात सगळ्यात घातक गोष्ट, इंग्रजी एकचा आकडा आणि छोटं एल ही दोन्ही जुन्या टाइपात जवळजवळ सारखी दिसतात.

ते घातक का, हे उदाहरणानेच कळेल. १८७७ च्या जानेवारीत, दुष्काळाच्या पाहणीसाठी भारत सरकारने पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुरीत कपात सुचवली: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. "टेम्पल वेज" म्हणून ती इतिहासात कुप्रसिद्ध आहे. दख्खनमधल्या कामांवरच्या मजुरांनी मजुरी कापण्याविरुद्ध कामं सोडली. माझ्या प्रबंधाचं एक पूर्ण प्रकरण या एक पौंडावर उभं आहे. त्या वाक्यांत पेनाने एकाच्या जागी एल घातला, पौंडाच्या संक्षेपातल्या एलच्या जागी मोठा आय घातला, आणि एका ठिकाणी दीड पौंडातला अर्ध्याचा छोटा अपूर्णांक सरळ गाळला. दीडचा एक झाला तर मुद्दाच फिरतो. माणसं किती धान्यावर खडी फोडत होती हे सांगणारा आकडा आहे तो. त्यानंतर मी नियम केला: आकडा आला की पेन खाली ठेवायचं आणि आकडा डोळ्यांनी वाचून शिसपेनाने कागदावर लिहायचा. तेवढं लिहिणं अंगठ्याला झेपत होतं. तक्ते तर पेनाने घेऊच नका. रुपये-आणे-पैचे रकाने, "वरीलप्रमाणे" दाखवणारी चिन्हं, कंसातल्या बेरजा, यांची एक ओळ होऊन येते आणि कोणता आकडा कोणत्या रकान्याचा हे ओळखता येत नाही. तक्त्यांसाठी मी ग्रंथालयाच्याच स्कॅनिंग सेवेकडे अर्ज दिला. पानाला दहा रुपये, आणि आठवड्याभराने फाइल मिळते. ते वरून कॅमेरा लावून काढतात, पुस्तक दाबत नाहीत.

तपासणीबद्दल एक आग्रहाने सांगते. ग्रंथालयातून निघण्यापूर्वी, पुस्तक अजून समोर असताना, पेनाच्या छोट्या पडद्यावर निदान आकडे, विशेषनामं आणि नकारार्थी शब्द पाहून घ्या. घरी आल्यावर "नॉट" गळलाय अशी शंका आली तर त्यासाठी पुन्हा मुंबई करावी लागते. गावांची नावं जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये असतात आणि पेनातला शब्दकोश ती "सुधारायला" जातो. धोंड म्हणजे आपलं दौंड. दौंड-मनमाड रेल्वेचं काम दुष्काळातल्या मजुरांनी केलं होतं, त्यामुळे हे नाव माझ्याकडे सतत येत होतं आणि सतत बदलत होतं.

एप्रिलमध्ये लोकसभेच्या निवडणुकीचं काम लागलं. प्रशिक्षणं, मग ७ मे ला साताऱ्याचं मतदान, त्यात महिना गेला. राहिलेली उन्हाळी सुट्टी मराठी साधनांवर घालवली, आणि तिथे पेन कपाटात राहिलं. मराठीसाठी जे केलं तेही लिहिते, कारण बहुतेकांचा खरा प्रश्न तोच असतो. ग्रंथालयाने स्कॅन करून दिलेली आणि इंटरनेटवर मिळालेली मराठी पानं मी दोन तऱ्हांनी मजकुरात बदलली. एक, पान गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडणं. दुसरी, टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर, ज्यात मराठी भाषा वेगळी निवडता येते. टेसरॅक्ट मुळात ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात जन्मलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. ते कॉम्प्युटरवर बसवायला कॉलेजच्या लॅब असिस्टंटने मदत केली.

दोन्हींनी आजची मराठी छपाई चांगली वाचली. जुन्या मराठीने दोघांनाही दमवलं. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले, त्याआधीच्या मजकुरात "नाहीं", "कांहीं", "तेव्हां", "घरांत" असे अनुस्वार जागोजागी असतात. शिरोरेषेवरचा तो टिंब एवढासा, त्यात शाईचे ठिपके आणि कागदावरचे डाग. सॉफ्टवेअर आजच्या मराठीवर तयार झालेलं, त्यामुळे ते खरे अनुस्वार गाळतं आणि डागाचा अनुस्वार करतं. संशोधकाला हे "चालतंय" म्हणून सोडता येत नाही. अवतरण जसं छापलं तसंच यायला हवं, त्या काळच्या माणसाने लिहिलेलं त्याच्याच लेखनात वाचकापुढे गेलं पाहिजे, असं मी ठामपणे मानते. म्हणून प्रत्येक मराठी उतारा मूळ पानाशेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवला. या कामाला माझ्या एका माजी विद्यार्थ्याला सोबत घेतलं, पानाला वीस रुपये ठरवून. एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहायचं. छापखान्यात मुद्रितं अशीच तपासत. एकट्याने तपासण्यापेक्षा यात चुका खूपच जास्त सापडल्या.

अंगठा मार्चनंतर बराच सुधारला होता. तरी मी पुन्हा वह्या भरायला घेतल्या नाहीत. डाव्या हाताने ओळ घेणं आणि उजव्या हाताने शिसपेनाने आपला शेरा लिहिणं, अशी जोडी जमून गेली होती. एकेक ओळ घ्यावी लागत असल्याने निवड काटेकोर होते, हा मला झालेला मोठा फायदा. फोटोंसारखी शेकडो पानं न वाचता जमा होत नाहीत.

पेनाची देखभाल फार नाही. टोकाच्या काचेवर जुन्या पुस्तकांची धूळ बसते आणि अक्षरांत आडव्या रेघा येऊ लागतात. चष्म्याच्या कापडाने रोज पुसावं. रोजची फाइल त्याच रात्री कॉम्प्युटरवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे टाकावी. फेब्रुवारीत पेन अचानक अडकलं होतं आणि रीसेट केल्यावर आतलं सगळं पुसलं गेलं. आधीचं सगळं उतरवून ठेवलेलं होतं, म्हणून फक्त त्या दिवसाचं काम गेलं.

जुलैमध्ये सादरीकरण झालं, ऑगस्टमध्ये साम्य तपासणीचा अहवाल मर्यादेच्या आत आला, सप्टेंबरमध्ये प्रबंध जमा केला. ग्रंथालयाची अनामत परत मिळवायला अर्ज, मूळ पावती आणि "पुस्तक येणे नाही" असा दाखला लागतो. पावती जपून ठेवा. ती रक्कम दिवाळीच्या आत खात्यावर आली.

पेन आता आमच्याच विभागातल्या एका संशोधक विद्यार्थिनीकडे जातंय. तिचा विषय १९७२ चा दुष्काळ, तिची साधनं बरीचशी इंग्रजी आणि टंकलेखन केलेल्या अहवालांची आहेत, त्यामुळे पेन तिथे किती चालतं हे मलाही पाहायचंय. परवानगी माणसागणिक वेगळी असल्याने तिने स्वतःच्या नावाने अर्ज दिला आहे, माझ्या अर्जाची प्रत सोबत जोडून. ग्रंथपालबाईंनी या वेळी प्रात्यक्षिकाची अट ठेवलेली नाही. पुढच्या बैठकीत मंजुरी येईल, असं त्यांनी तिला फोनवर सांगितलं आहे.